वायरचा ट्रिमर की बॅटरीचा? नेरूळच्या बागेतील एका पावसाळ्याच्या नोंदी

३ मे २०२५, शनिवार

नेरूळमधील आमचे घर सिडकोच्या जुन्या रो हाऊसच्या रांगेत कोपऱ्याला असल्यामुळे पुढे, एका कडेला आणि मागे अशी मिळून सुमारे ८०० चौरस फूट मोकळी जमीन वाट्याला आली आहे. पुढे हरळीचे लॉन आहे, कडेच्या बोळात फरशीच्या फटींतून केना आणि आघाडा उगवतो, आणि मागे आंब्याचे कलम, लिंबू व कढीपत्ता यांच्या पायथ्याशी लव्हाळा माजतो. इतकी वर्षे विळ्याने गवत कापणारे माळीकाका वयोमानाने गावी परतले. पेट्रोलचा ब्रश कटर घेऊन येणारे मजूर मिळतात, परंतु ते एकदाच येऊन रान साफ करण्याचे काम घेतात. पावसाळ्यात दर दहा-बारा दिवसांनी डोके वर काढणाऱ्या गवतासाठी त्यांना बोलावणे परवडत नाही. म्हणून घरचा ट्रिमर, म्हणजे फिरत्या नायलॉन दोरीने गवत कापणारे यंत्र, घ्यायचे ठरवले आहे. तो वायरचा असावा की बॅटरीचा, याचा निर्णय करताना जे जे घडेल ते येथे लिहीत जाईन, म्हणजे अशाच जागेत राहणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

किमती पाहण्याआधी मोजपट्टी घेऊन अंतरे मोजली. बाहेरचे एकमेव सॉकेट व्हरांड्यात आहे. तेथून पुढचे फाटक ८ मीटरवर आहे, तर मागचे लिंबाचे झाड बोळातून वळसा घेऊन २६ मीटरवर पडते. ही मोजणी करायला अर्धा तासही लागत नाही, आणि वॅट व व्होल्टच्या आकड्यांपेक्षा तिचा उपयोग अधिक होतो, असे माझे मत आहे.

१० मे २०२५, शनिवार

शेजारच्या काकांकडे ५०० वॅटचा वायरचा ट्रिमर आहे. तो मागून आणला आणि गवत कोरडे असताना दुपारी चालवून पाहिला. पुढच्या लॉनवर त्याने उत्तम काम केले. वजन बेताचे, गती पहिल्या मिनिटाला जशी तशीच शेवटच्या मिनिटाला, आणि ‘आता किती उरले’ अशी काळजी नाही. काकांची बाग म्हणजे व्हरांड्यासमोरचा २०० चौरस फुटांचा तुकडा आहे, आणि तेवढ्यासाठी त्यांची निवड अगदी योग्य आहे.

मागच्या भागात मात्र चित्र पालटले. वायर मोगऱ्याच्या आळ्यात अडकत होती, अबोलीच्या वाफ्यावरून घसटत जात होती, आणि फिरणाऱ्या नायलॉन दोरीपासून तिला दूर ठेवण्यासाठी एक हात सतत गुंतून राहत होता. कामाची दिशा बदलल्यावर त्रास निम्म्याने कमी झाला: सॉकेटजवळून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला सरकत गेले की वायर नेहमी कापून झालेल्या जमिनीवर, आपल्या पाठीमागे राहते. ती खांद्यावरून घेतली तर पायातही येत नाही. तरीही आंब्याभोवती गोल फिरताना वायर खोडाला वेढा घालतेच, आणि दर वेळी मागे येऊन ती सोडवावी लागते.

काकांच्या एक्स्टेंशनचे रीळ अर्धे गुंडाळलेलेच होते. काम संपल्यावर हात लावला तर आतले वेढे बाहेरच्या वायरपेक्षा स्पष्टपणे गरम लागले. गुंडाळलेल्या वायरमधील उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही, त्यामुळे थोडीच वायर लागणार असली तरी रीळ पूर्ण उलगडूनच वापरावे.

१७ मे २०२५, शनिवार

वळवाच्या सरी लवकरच सुरू झाल्यामुळे घाई केली. मुंबईला जाणे होतेच, तेव्हा लोहार चाळ या विजेच्या सामानाच्या बाजारातून १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची तीन पदरी लवचीक वायर ३० मीटर आणली. वायर, झाकणाचे पाणीरोधक सॉकेट आणि प्लग मिळून ३,१०० रुपये झाले. म्हणजे नव्या ५०० वॅटच्या ट्रिमरची जी किंमत मला दुकानांत सांगितली गेली, जवळपास तेवढाच खर्च केवळ वायरवर झाला. वायरचा ट्रिमर स्वस्त पडतो असे म्हणताना हा खर्च सहसा धरला जात नाही.

लांब वायरमुळे व्होल्टेज पडते आणि मोटर जळते, असे दोघा-तिघांनी सांगितले होते, म्हणून हिशेब मांडला. या जाडीच्या तांब्याचा रोध मीटरला सुमारे ०.०१२ ओहम असतो. जाऊन-येऊन ६० मीटरचा पाऊण ओहमच्या आत येतो. ५०० वॅटच्या यंत्राला सव्वादोन अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, म्हणजे २३० व्होल्टमधून दोन व्होल्टही कमी होत नाहीत. अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक वायर घेतली असती तरी पाचेक व्होल्टच पडले असते. तेव्हा इतक्या लहान यंत्रासाठी जाड वायर घेण्याचे खरे कारण वेगळे आहे: तिचे वरचे आवरण दणकट असते, फरशीच्या कडेवर घासून ते लवकर फाटत नाही, आणि बागेत वायरला असलेला मोठा धोका तोच आहे.

२७ मे २०२५, मंगळवार

काल, २६ मे रोजी, मान्सून मुंबईत दाखल झाल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. नेहमीची तारीख ११ जून धरली जाते. इतक्या लवकर तो आल्याची आजवर नोंद नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जमीन कोरडी मिळेल या हिशेबाने आखलेले काम त्यामुळे बारगळले आहे. वायरच्या ट्रिमरच्या माहितीपत्रकात ओल्या गवतात वापर करू नये असे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि येथून पुढे चार महिने आमचे गवत बहुतेक वेळ ओलेच असणार आहे.

८ जून २०२५, रविवार

वायरचा पर्याय सोडण्याआधी तो सुरक्षित करता येतो का, हे पाहायचे होते. घरच्या जुन्या बोर्डात फक्त एमसीबी होते. एमसीबी जादा भार आणि शॉर्ट सर्किट यांवर पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो. माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा प्रवाह त्या मानाने इतका लहान असतो की त्याने एमसीबी पडत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, जो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करतो आणि फरक दिसताच पुरवठा तोडतो. ट्रिमर दुहेरी इन्सुलेशनचा असल्यामुळे त्याला दोन पिनांचाच प्लग असतो आणि अर्थिंगची तार नसते, परंतु आरसीसीबीचे काम अर्थिंगवर अवलंबून नसते, त्यामुळे तो अशा यंत्रालाही लागू पडतो.

आमच्या ओळखीच्या वायरमननी बाहेरच्या सर्किटसाठी तो बसवला आणि बटण दाबताच तो पडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. ट्रिमर जोडलेलाही नव्हता. बराच वेळ सॉकेट, वायर आणि ओलसर भिंत यांच्यावरच संशय होता. शेवटी त्यांनी बागेतील दिव्याचे बटण बंद ठेवून पाहिले, तेव्हा तो टिकला. दिव्याला फेज खालच्या सर्किटमधून आणि न्यूट्रल वरच्या मजल्याच्या सर्किटमधून, अशी जोडणी पूर्वी कोणीतरी केलेली होती. ते म्हणाले, “ताई, दिवा लावला की प्रवाह भलत्याच वाटेने परत जातो, मग हा पडणारच.” न्यूट्रल मूळ जागी आणल्यावर प्रश्न मिटला. यात अख्खी सकाळ गेली. आरसीसीबी आणि मजुरी मिळून २,८०० रुपये झाले. ट्रिमर कोणताही घेतला असता तरी हा खर्च करायलाच हवा होता, असे मी मानते, म्हणून पुढच्या हिशेबात तो धरलेला नाही. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

तरीही आरसीसीबी प्रवाह तोडतो तो दोष घडल्यानंतर. ओल्या गवतात हातात २३० व्होल्टची वायर घेऊन फिरायचे की नाही, हा प्रश्न त्याने सुटत नाही. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे.

१४ जून २०२५, शनिवार

बॅटरीचे ट्रिमर पाहायला एका दुकानात गेले. तेथे एका संचाच्या खोक्यावर ८८ हा आकडा ठळकपणे छापलेला होता आणि विक्रेते तो व्होल्टचा असल्याचे सांगत होते. चार्जर उलटा करून पाहिला, तर त्यावर बारीक अक्षरात २१ व्होल्ट लिहिलेले होते. लिथियम-आयन सेल नाममात्र ३.६ व्होल्टचा आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. ५ सेल एकापुढे एक जोडले की नाममात्र १८ आणि पूर्ण भरल्यावर २१ व्होल्ट होतात. तेव्हा २१ व्होल्टच्या चार्जरवर भरणारी बॅटरी ही ५ सेलचीच. चांगल्या कंपन्यांच्या मालावरही कोठे ‘१८ व्होल्ट’ तर कोठे ‘२० व्होल्ट मॅक्स’ असे लिहिलेले आढळते, आणि ती दोन्ही एकाच जातीची बॅटरी असते. खरेदी करताना व्होल्टला अँपिअर-तासाने गुणावे: १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॅट-तास, ४ अँपिअर-तास म्हणजे ७२. आपल्याला मिळणारे काम या गुणाकारावर ठरते.

आमच्याकडे १८ व्होल्टचे ड्रिल मशीन आधीपासून आहे. त्याच कंपनीचा, तीच बॅटरी बसणारा ट्रिमर बॅटरीशिवाय ५,२०० रुपयांना मिळाला. संच नव्याने घेण्यापेक्षा घरात ज्या जातीची बॅटरी आहे तिचाच ट्रिमर शोधावा. बॅटरी आणि चार्जर हाच या यंत्रांतील महाग भाग असतो.

२२ जून २०२५, रविवार

सकाळी पावसाने उघडीप दिली आणि ऊन पडले. ड्रिलची २ अँपिअर-तासाची बॅटरी लावून पुढचे लॉन कापले. ते एका भरणीत पूर्ण झाले. बोळात तर हे यंत्र फारच सोयीचे ठरले, कारण तेथे वळायलाही जागा नाही आणि वायर असती तर ती फरशीच्या कडांवर घासतच राहिली असती.

मागे गेले आणि लव्हाळ्यात बॅटरी संपली. गवत दाट आणि बुंध्याशी ओले होते. हिशेब पाहिला तर यात आश्चर्य नाही: मोटरने सलग २५० वॅट ओढले, तर ३६ वॅट-तास नऊ मिनिटांतच संपतात. लगेच चार्जरवर लावली, तर दिवा लुकलुकत राहिला आणि चार्जिंग सुरूच होईना. चार्जर बिघडला असे वाटले, परंतु बॅटरी हाताला चांगलीच गरम लागत होती आणि ती निवेपर्यंत चार्जर थांबून राहतो, असे माहितीपत्रकात सापडले. पंख्याखाली ठेवल्यावर काही वेळाने दिवा स्थिर झाला. तोपर्यंत आभाळ भरून आले आणि मागचा भाग अर्धवट राहिला.

६ जुलै २०२५, रविवार

४ अँपिअर-तासाची बॅटरी ५,६०० रुपयांना घेतली. ट्रिमरपेक्षा बॅटरी महाग, हे मनाला पटायला वेळ लागला, पण फरक केवळ दुप्पट वेळ चालण्यापुरता नाही. या बॅटरीत ५ सेलच्या दोन रांगा शेजारी-शेजारी जोडलेल्या असतात, त्यामुळे तेवढाच प्रवाह दोन रांगांत वाटला जातो, प्रत्येक सेल कमी तापतो आणि दाट गवतात गती लहान बॅटरीइतकी खचत नाही. पुढचे, बोळातील आणि मागचे, असे सारे गवत आज मोठ्या बॅटरीवर कापून झाले आणि लहान बॅटरी हाताशी राखीव राहिली. वजन पाव किलोने वाढले आहे, आणि ते मुठीपाशी असल्यामुळे खांद्याच्या पट्ट्याची लांबी पुन्हा जुळवून घ्यावी लागली.

२० जुलै २०२५, रविवार

आजची नोंद दोरीची आहे. यंत्रासोबत आलेली १.६ मिलिमीटरची नायलॉन दोरी संपली, तेव्हा दुकानदारांनी “ही अधिक टिकते” असे सांगून २ मिलिमीटरची दिली. ती रिळात बसली, फिरलीही, परंतु यंत्राचा आवाज जड झाला, बॅटरी भराभर उतरू लागली आणि थोड्या वेळाने दोरी बाहेर येणेच थांबले. रीळ उघडले, तर शेजारचे दोन वेढे उष्णतेने एकमेकांना चिकटून त्यांचा काचेसारखा चकचकीत गाठोडा झाला होता. तो सुरीने कापून काढावा लागला. पुन्हा १.६ ची दोरी आणली, रिळावरील बाणाच्या दिशेने एकाशेजारी एक वेढे बसवत गुंडाळली, आणि गुंडाळण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवली. नायलॉन पाणी शोषते आणि लवचीक होते. जुनी, सुकलेली दोरी फरशीला लागताच ठिसूळपणे तुटते. त्यानंतर हा त्रास झालेला नाही.

दोरी लांब राहावी म्हणून संरक्षक झाकण काढून टाकणारे काही जण आहेत. तसे मुळीच करू नये. झाकणाच्या कडेला असलेले छोटे पाते दोरी योग्य लांबीला कापते. ते नसेल तर लांब दोरीचा भार मोटरवर येतो, आणि उडणारे खडे थेट पायांवर बसतात.

याच दिवशी कढीपत्त्याच्या खोडाची साल एका बाजूने सोलली गेलेली दिसली. कोवळ्या झाडाची साल सगळीकडून गोल निघाली तर झाड मरते. चार इंची पीव्हीसी पाइपचे वीतभर उंचीचे तुकडे उभे चिरून कढीपत्ता, लिंबू आणि कलम या तिघांच्या बुंध्यांना घातले आहेत. प्लंबरकडे पडून असलेला तुकडा असल्यामुळे पैसे पडले नाहीत.

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

१८ आणि १९ तारखेच्या अतिवृष्टीनंतर बागेत पाऊल टाकता येत नव्हते. मधल्या काळात गवत गुडघ्यापर्यंत आले. बॅटरीचा ट्रिमरही पावसात वापरण्यासाठी नाही. पाऊस चालू असताना तो बाहेर काढलेला नाही आणि काढणारही नाही. फरक असा की पाऊस थांबल्यावर, पाती वरून वाळली पण मुळाशी ओल आहे अशा वेळी तो निर्धास्तपणे हातात घेता येतो. या पावसाळ्यात अशाच वेळा मिळाल्या. पूर्ण कोरड्या वेळेची वाट पाहिली असती तर जुलै आणि ऑगस्ट तसेच गेले असते.

उंच गवत एकदम मुळाशी कापायला गेले की ओली पाती फिरत्या डोक्याभोवती वेढे घेतात आणि झाकणाखाली हिरवा लगदा साचतो. आधी वरचा अर्धा भाग, तो गोळा केल्यावर खालचा, असे दोन टप्प्यांत कापल्यावर काम सुरळीत झाले. लगदा काढण्याआधी बॅटरी बाहेर काढून ठेवावी; बटण चुकून दाबले जाण्याचा धोका अशाच वेळी असतो.

यंत्र सुरू करण्याआधी काठीने गवत हलवत एक फेरी मारणे मी नियमाने करते. या दिवसांत बेडूक, मोठ्या शंखाच्या गोगलगाई आणि क्वचित धामणही मागच्या भागात असते. गमबूट आणि चष्मा घालावाच. गाजरगवत दिसले तर ते ट्रिमरने उडवू नये. फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे, नाहीतर त्याचा चुरा अंगावर आणि नाकात जातो.

२६ ऑगस्ट २०२५, मंगळवार

उद्या गणेश चतुर्थी. दुर्वांसाठी लॉनचा एक कोपरा मुद्दाम न कापता ठेवला होता, ते बरे झाले. बाकीच्या लॉनवर परवा कापलेली टोके आज जवळून पाहिली, तर प्रत्येक पात्याचे टोक पिंजलेले आणि तांबूस झालेले होते. नायलॉनची दोरी विळ्यासारखी कापत नाही, ती गवत झोडून तोडते. दोरी झिजलेली किंवा गती मंद असेल तर टोके अधिक पिंजतात. परवा काम संपत आले तेव्हा बॅटरी उतरत आली होती. सर्वांत वाईट पिंजलेला पट्टा तोच आहे. यापुढे लॉन आधी, भरलेल्या बॅटरीवर कापायचे आणि लव्हाळा शेवटी.

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

पाऊस परतला आणि गवताची वाढ मंदावली, तेव्हा खर्च मांडून पाहिला. बॅटरीच्या वाटेने ट्रिमर ५,२०० आणि बॅटरी ५,६००, म्हणजे १०,८०० रुपये झाले. दुसरी बॅटरी आणि चार्जर घरचेच होते. वायरच्या वाटेने ट्रिमर सुमारे ३,४०० आणि वायर ३,१००, म्हणजे ६,५०० रुपये झाले असते. बॅटरी काही वर्षांनी क्षीण होईल आणि तो खर्च पुन्हा येईल. वायरच्या यंत्रात कार्बन ब्रश बदलले की मोटर पुढे चालते. केवळ पैशांचा विचार केला तर वायरचाच ट्रिमर जिंकतो, हे मान्य केले पाहिजे.

आमच्याकडे मात्र २६ मीटरचे अंतर, वळणाचा बोळ आणि चार महिन्यांची ओल यांनी निर्णय केला. काका मला विचारत होते की त्यांनीही बदलावा का. मी त्यांना स्पष्टपणे सांगितले की तुम्ही बदलू नका: सॉकेट समोर आहे, तुकडा लहान आहे, वरून छज्जा आल्यामुळे गवत लवकर सुकते, आणि पावसाळ्यात एखादे कापणे चुकले तरी तुमच्याकडे रान माजत नाही. मी आणलेली ३० मीटरची वायर आता घराबाहेरच्या इतर कामांना, विशेषतः पाण्याच्या टाकीच्या साफसफाईला, उपयोगी पडत आहे.

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

हंगामाची आवराआवर केली. झाकणाखालचा वाळलेला लगदा लाकडी चमच्याने खरवडला, डोके उघडून आत गुंडाळलेले गवताचे धागे काढले, आणि बॅटरीच्या खाचेतील धातूच्या पट्ट्या कोरड्या ब्रशने घासल्या. खाडीकडून येणाऱ्या दमट हवेमुळे त्यांवर हिरवट थर धरू लागला होता. पाणी किंवा तेल लावले नाही.

आता मे महिन्यापर्यंत महिन्याला एखादेच कापणे पुरेल. मोठी बॅटरी तिच्यावरचे दोन दिवे लागतील इतकीच, म्हणजे सुमारे अर्धी, भरून आतल्या खोलीतील कपाटात ठेवली आहे; पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी बॅटरी उष्ण माळ्यावर पडून राहिली तर तिचे आयुष्य घटते. लहान बॅटरी ड्रिलवर परत गेली. जेव्हा केव्हा या बॅटऱ्या निकामी होतील तेव्हा त्या घंटागाडीत टाकायच्या नाहीत, कारण कचऱ्यात दाबल्या जाऊन त्या पेट घेऊ शकतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे खरेदीची पावती ट्रिमरच्याच खोक्यात चिकटवून ठेवली आहे. उरलेली दोरी ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात बंद केली आहे, आणि पाइपचे तुकडे झाडांच्या बुंध्यांना तसेच राहू दिले आहेत. कढीपत्त्याचा बुंधा जाड होत आहे, तेव्हा त्याचा तुकडा मार्चमध्ये सैल करावा लागेल.